गव्हर्नरचं बरखास्ती-कलम, १९३५ चं मॉडेल: एक परीक्षण

उत्पादन: गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट १९३५, कलम ६२, पोटकलम २. निर्माता: ब्रिटिश पार्लमेंट, लंडन. प्रत्यक्ष अमलात आलं १ एप्रिल १९३७ ला. ग्राहक: अकरा प्रांतांचे अकरा गव्हर्नर. काम एकच, लोकांनी निवडून दिलेली विधानसभा मुदत संपण्याआधी घरी पाठवणं.

निकाल आधीच सांगून टाकतो. कागदावर कलम तगडं आहे, पण हातात घेतलं की घेणाऱ्यावरच उलटतं. १९३९ च्या शेवटी सात प्रांतांत एकदमच पेच आला, तेव्हा एकाही गव्हर्नरने हे बाहेर काढलं नाही. सगळ्यांनी त्याच कायद्यातलं कलम ९३, म्हणजे प्रांताचा कारभार थेट स्वतःकडे घेण्याचं कलम, उचललं. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी कलमाचे भाग सुटे करून पाहायला हवेत. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत या दोन कलमांची सरमिसळ हमखास असते आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे इमानेइतबारे उतरत जाते.

कलम ६२ मध्ये गव्हर्नरच्या हातात तीन गोष्टी दिल्या आहेत. सभागृहांना अधिवेशनासाठी बोलावणं, सत्र संपवणं आणि विधानसभा बरखास्त करणं. यांतली पहिली दोन कामं दोन्ही सभागृहांना लागू, तिसरं फक्त विधानसभेला. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांत वरचं सभागृहही होतं. ते कलम ६१ प्रमाणे कायमस्वरूपी. दर तीन वर्षांनी त्याचे एकतृतीयांश सदस्य निवृत्त व्हायचे, पण ते बरखास्त कधीच होत नसे. म्हणजे मुंबईत विधानसभेचे १७५ आमदार एका सहीत माजी झाले असते, पण विधान परिषदेतले जेमतेम तीस जण आपल्या जागी बसून राहिले असते. विधानसभेची नेहमीची मुदत पाच वर्षं. तीही त्याच कलम ६१ मध्ये, ‘त्याआधी बरखास्त न झाल्यास’ या शर्तीसह.

खरी ताकद या तीन कामांत नाही, त्यांच्या मागे जोडलेल्या दोन शब्दांत आहे: ‘स्वतःच्या विवेकानुसार’. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरचे अधिकार तीन प्रतीचे होते. साधे अधिकार मंत्र्यांच्या सल्ल्याने वापरायचे. ‘व्यक्तिगत निर्णयाचे’ अधिकार वापरताना मंत्र्यांचा सल्ला घ्यायचा, पण तो मानलाच पाहिजे असं नाही. तिसरी प्रत ‘स्वविवेकाची’. इथे मंत्र्यांना विचारण्याचीही गरज नाही. बरखास्ती या तिसऱ्या प्रतीत मोडत होती. बहुमतात असलेल्या मुख्य मंत्र्याला सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर आपली विधानसभा गेल्याचं कळलं असतं, तरी कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. वर, एखादी बाब स्वविवेकात मोडते की नाही असा वाद निघालाच तर त्याचा फैसला कोणी करायचा? कलम ५० प्रमाणे गव्हर्नरनेच, आणि तोही स्वविवेकाने. ज्याने मसुदा केला त्याच्या वकिली हुशारीला दाद द्यावी लागते.

पण मोकळीक पूर्ण नव्हती. कलम ५४ म्हणतं की गव्हर्नर स्वविवेकाने वागत असेल तेव्हा तो गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली असतो. मंत्र्यांपासून सुटलेली दोरी दिल्लीच्या हातात, आणि दिल्लीची लंडनच्या. पुण्याच्या किंवा मलबार हिलच्या गव्हर्नमेंट हाउसातला साहेब एकटा काही ठरवत नसे.

आता एक उणीव, जी पहिल्या वाचनात लक्षात येत नाही. १९१९ च्या जुन्या कायद्यात, कलम ७२-ब मध्ये, प्रांतिक कायदेकौन्सिलची मुदत तीन वर्षांची होती. गव्हर्नर ती आधी बरखास्त करू शके किंवा विशेष कारण गॅझेटात नोंदवून एक वर्षापर्यंत वाढवू शके. पण बरखास्त केल्यावर नव्या कौन्सिलची बैठक सहा महिन्यांच्या आत बोलवायची, आणि लंडनच्या सरकारातल्या भारतमंत्र्याची परवानगी काढली तर फार तर नऊ महिन्यांत, असं तिथेच लिहिलं होतं. १९३५ च्या कलम ६२ मध्ये हा सहा-नऊ महिन्यांचा हिशोब नाही. तिथे आहे तो एवढाच नियम की वर्षातून निदान एकदा सभागृह बोलवायचं आणि दोन सत्रांमध्ये बारा महिने जाऊ द्यायचे नाहीत. लोकांच्या बाजूने पाहिलं तर नवं मॉडेल जुन्यापेक्षा ढिलं निघालं.

वापरायची पद्धत सोपी आहे. दिल्लीशी पत्रव्यवहार, मग सहीचा आदेश, मग गॅझेटात प्रसिद्धी. त्या क्षणी सगळ्या आमदारांची आमदारकी संपते. इथवर काही बिघडत नाही. बिघाड सुरू होतो तो पुढच्या पायरीवर, कारण बरखास्तीच्या पोटात निवडणूक असते. सभागृह गेलं की मतदारांकडे जावंच लागतं, आणि ज्या पक्षाला घालवायचं म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच मतदार दुप्पट जोराने परत पाठवू शकतात. इंग्लंडच्या पंतप्रधानाला हे चालतं, कारण तो जिंकण्याच्या हिशोबानेच निवडणूक मागतो. वसाहतीतल्या गव्हर्नरचा निवडणुकीत स्वतःचा पक्षच नसतो. त्याला जिंकायला काही नाही, हरायला मात्र सगळं.

याचा अनुभव साम्राज्याला भारतात येण्याआधी दीडशे वर्षं होता. १७६८ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहाने लंडनच्या करांविरुद्ध इतर वसाहतींना एक परिपत्रक पाठवलं. लंडनहून हुकूम आला की परिपत्रक मागे घ्यायला लावा, नाही तर सभागृह बरखास्त करा. मत झालं: १७ मागे घेण्याच्या बाजूने, ९२ विरुद्ध. गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्डने सभागृह बरखास्त केलं. त्याच सप्टेंबरात गावागावांचे प्रतिनिधी बॉस्टनच्या फॅन्युएल हॉलमध्ये आपणहून जमले. कायदेशीर सभागृह नाही म्हटल्यावर बेकायदेशीर भरलं, एवढाच फरक.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियात जे झालं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. १६ मे १७६९ ला तिथल्या सभागृहाने ठराव केला की आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार फक्त आमचा. १७ तारखेला गव्हर्नर लॉर्ड बॉटेटोर्टने सगळ्या सदस्यांना विल्यम्सबर्गच्या कौन्सिल दालनात बोलावलं आणि मोजक्या वाक्यांत सांगितलं: तुमच्या ठरावांबद्दल ऐकलं, त्यांचे परिणाम मला बरे दिसत नाहीत, तुम्हाला बरखास्त करणं हे तुम्हीच माझं कर्तव्य करून ठेवलंत, आणि त्याप्रमाणे तुम्ही बरखास्त झालात. बस्स. सदस्य बाहेर पडले आणि त्याच रस्त्यावरच्या रॅले टॅव्हर्न या खानावळीत जाऊन बसले. ब्रिटिश मालावर बहिष्कार घालण्याचा करार तिथेच झाला. सह्या करणाऱ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होते आणि पहिल्यांदाच निवडून आलेले तरुण टॉमस जेफरसनही. नंतर निवडणूक झाली. जेफरसननी आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय की सह्या करणारे सगळे परत निवडून आले. पडले ते सही न करणाऱ्यांपैकी काही थोडे. बरखास्तीने विरोधकांची चाळणी करून दिली ती अशी, आणि तीही गव्हर्नरच्या उलट्या बाजूने.

१७७४ च्या मे महिन्यात लॉर्ड डनमोरने तेच केलं. सदस्य दुसऱ्या दिवशी त्याच खानावळीत जमले, आणि या खेपेला सगळ्या वसाहतींची एकत्र परिषद भरवण्याची हाक तिथून निघाली. दोन वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध जी तक्रारींची यादी आली, तीत सभागृहं वारंवार बरखास्त करणं ही एक स्वतंत्र तक्रार आहे. तिच्या लगेच खालची तक्रार अशी की बरखास्तीनंतर नव्या निवडणुका मुद्दाम लांबवल्या. वर सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल लिहिलं ते उगाच नाही.

कॅनडातही धडा तोच. लोअर कॅनडात (आजच्या क्विबेकमध्ये) गव्हर्नर सर जेम्स क्रेगने १८०९ आणि १८१० अशी लागोपाठ दोनदा असेंब्ली बरखास्त केली. दुसऱ्या वेळी विरोधकांच्या वर्तमानपत्राचा छापखाना जप्त करून त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगातही टाकलं. तरी बहुमत जिथल्या तिथे. १८२७ मध्ये लॉर्ड डलहौसीने पुन्हा तोच प्रयोग केला. विरोधकांचा पुढारी पापिनो याचा पक्ष निवडून आला आणि त्याने पापिनोलाच सभापती केलं. डलहौसीने ती निवड अमान्य करून सत्रच संपवलं. मग ८७,००० सह्यांचा अर्ज लंडनला गेला. साहेबांना तिथून हलवून भारतात सरसेनापती म्हणून पाठवण्यात आलं. (हे आपल्या डलहौसीचे वडील. साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते चिरंजीव.)

भारतातल्या जुन्या मॉडेलची कामगिरी यापेक्षा फार वेगळी नाही, फक्त इथले गव्हर्नर शहाणे होऊन ते वापरायचंच टाळत. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं. नागपुरात डॉ. मुंजे वगैरे मंडळींनी ठरवलं होतं की द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती गव्हर्नरकडे आणि बाकीची ‘सोपीव’ खाती दिवाणांकडे (मंत्र्यांकडे) ही वाटणी, चालू द्यायची नाही. मार्च १९२४ मध्ये त्यांनी सरकारच्या खर्चाच्या मागण्या फेटाळल्या आणि दिवाणांचा पगार केला वर्षाला दोन रुपये. नामंजूर केला नाही, दोन रुपये केला. खास नागपुरी चिमटा. आता गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्यापुढे दोन वाटा होत्या. कौन्सिल बरखास्त करून पुन्हा मतदारांकडे जायचं, किंवा सोपीव खाती तात्पुरती आपल्या ताब्यात घ्यायची. त्यांनी दुसरी वाट धरली. पुढची निवडणूक झाली ती नेहमीप्रमाणे १९२६ ला. बंगालमध्ये मात्र १९२९ साली गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांनी कौन्सिल बरखास्त करून पाहिली. हे गृहस्थ इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. १९०५ च्या ॲशेस मालिकेत पाचही नाणेफेकी जिंकलेले. या नाणेफेकीत मात्र दान उलटं पडलं. जून १९२९ च्या निवडणुकीत काँग्रेसची मंडळी पुन्हा जोरात निवडून आली.

म्हणजे १९३७ साली नवं मॉडेल हातात येताना गव्हर्नरांना त्याचा स्वभाव ठाऊक होता. मुंबईत काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या, बहुमताला दोन कमी. गव्हर्नर विशेषाधिकार वापरणार नाही अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला. तेव्हा धनजीशा कूपर यांचं अल्पमताचं मंत्रिमंडळ बसवण्यात आलं. पुन्हा निवडणूक घेणं हा कायदेशीर मार्ग होता, पण घेतली असती तर काँग्रेसला ते दोनही कमी पडले नसते. म्हणून विधानसभा न बोलावता दिवस काढले गेले. पहिल्या दोन अधिकारांचा हा खरा उपयोग: बरखास्त करण्यापेक्षा न बोलावणं स्वस्त पडतं. जुलैमध्ये बाळासाहेब खेर मुख्य मंत्री झाले तेव्हाच सभागृह भरलं.

त्यानंतर दोन वर्षांनी खरी परीक्षा आली. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेरांचा राजीनामा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. मुंबई, मद्रास, मध्यप्रांत व वऱ्हाड, संयुक्त प्रांत, बिहार, ओरिसा आणि वायव्य सरहद्द प्रांत, सगळीकडे एकच चित्र. सभागृहात बहुमत काँग्रेसच्या बाजूचं आणि मंत्रिपद घ्यायला कोणी तयार नाही. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हाच बरखास्तीचा मुहूर्त. पण निवडणूक घेतली असती तर ‘युद्धात आम्हाला न विचारता का ओढलं’ याच एका प्रश्नावर सात प्रांतांत सार्वमत झालं असतं.

म्हणून कलम ९३. या दोघांची तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील. ९३ मध्ये गव्हर्नरची फक्त खात्री पटावी लागते की कायद्यातल्या तरतुदींप्रमाणे प्रांताचा कारभार चालवणं अशक्य झालं आहे. गव्हर्नर जनरलची संमती घेऊन जाहीरनामा काढला की विधिमंडळासह कोणत्याही प्रांतिक संस्थेचे अधिकार तो स्वतःकडे घेऊ शकतो. अपवाद फक्त हायकोर्टाचा. जाहीरनामा सहा महिने चालतो. पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली की बारा महिने वाढतो, पुन्हा मंजुरी, पुन्हा वाढ. एकूण कमाल तीन वर्षं. या काळात गव्हर्नरने केलेले कायदे जाहीरनामा संपल्यावरही दोन वर्षांपर्यंत टिकतात. आणि मुख्य गोष्ट अशी की जाहीरनाम्याने विधानसभा आपोआप बरखास्त होत नाही. आमदार आमदारच राहतात. त्यांना बसायला सभागृह नसतं, इतकंच. विधानसभा जिवंत आहे म्हटल्यावर निवडणुकीची घाईही नाही. ६२ मध्ये जी गोष्ट गव्हर्नरच्या अंगावर यायची, तीच ९३ मध्ये काढून टाकलेली आहे.

वापरणाऱ्यांना हे इतकं आवडलं की तीन वर्षांची मर्यादाही पुरेना. युद्ध लांबलं तशी पार्लमेंटने कायदा दुरुस्त करून ती सैल केली. १९४१ मध्ये निवडणुका पुढे ढकलण्यासाठी वेगळा कायदा केला. मुंबई इलाख्याचा कारभार गव्हर्नर आणि त्यांचे आयसीएस सल्लागार चालवत राहिले. पाच वर्षांसाठी १९३७ ला मत दिलेल्या मतदाराला पुढचं मत देता आलं थेट १९४६ च्या निवडणुकीत. बरखास्त केलं असतं तर एवढं साधलं नसतं.

याखेरीज गव्हर्नरच्या हाताशी तिसरंही एक हत्यार होतं: विधानसभेला धक्का न लावता मंत्र्यांनाच काढणं. जुलै १९३८ मध्ये नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांनी मुख्य मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पक्षश्रेष्ठींचा हुकूम नाही म्हणून रविशंकर शुक्ल आणि त्यांचे साथी जागचे हलेनात. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ करून डॉ. खरे यांना दुसरं मंत्रिमंडळ बनवू दिलं. ते काँग्रेसने काही दिवसांत मोडायला लावलं ते निराळं. सिंधमध्ये ऑक्टोबर १९४२ ला मुख्य मंत्री अल्लाबक्ष यांनी सरकारी किताब परत केल्यावर गव्हर्नर डाऊ यांनी त्यांना सरळ काढून टाकलं. सभागृहात ते हरले नव्हते. दोन्हीकडे निवडणुकीची कटकट नाही.

स्वातंत्र्यानंतर ही सगळी सामग्री दोन देशांत वाटली गेली. पाकिस्तानात २४ ऑक्टोबर १९५४ ला गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी थेट संविधान सभाच घालवली. सभेचे अध्यक्ष तमीजुद्दीन खान सिंधच्या चीफ कोर्टात गेले आणि जिंकले. मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल फिरवला, आणि तोही आडवाटेने. बरखास्ती बरोबर की चूक यात न शिरता न्यायमूर्ती मुनीर यांच्या कोर्टाने म्हटलं की चीफ कोर्टाला रिट काढण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर जनरलची संमतीच नव्हती, म्हणून अर्जच चालत नाही. विरुद्ध मत एकट्या कॉर्नेलियस यांचं.

आपल्याकडे कलम ६२ संविधानाच्या मसुद्यात अनुच्छेद १५३ म्हणून आलं, जवळजवळ शब्दशः. मसुद्याच्या तिसऱ्या खंडात तर लिहिलं होतं की सभागृह बोलावणं आणि विधानसभा विसर्जित करणं ही कामं राज्यपाल स्वविवेकाने करील. २ जून १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मांडून तो खंड वगळायला लावला. स्वतः १९३७ च्या मुंबई विधानसभेत बसलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचं वजन कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजचा अनुच्छेद १७४ तो हाच. राज्यपाल विधानसभा विसर्जित करू शकतो, पण सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या नबाम रेबिया निकालात १९४९ ची ती वगळणूक तपशिलात वाचून हाच अर्थ लावला.

कलम ९३ मात्र वगळलं गेलं नाही. ते अनुच्छेद ३५६ म्हणून राहिलं. सही गव्हर्नरऐवजी राष्ट्रपतींची आली आणि जुन्या ९३ मध्ये नसलेली सोय म्हणून बरखास्तीही त्याला जोडून वापरात आली. फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं ते याच वाटेने, आणि विधानसभाही त्याबरोबर गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा फक्त निलंबित ठेवता येते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट आली तेव्हा विधानसभा निलंबितच होती, म्हणून त्याच आमदारांतून पुढे सरकार बनू शकलं.

एक दोष मात्र अजून तसाच आहे: दुरुस्ती उशिरा मिळते. मे २००५ मध्ये बिहारची नवी विधानसभा पहिल्या बैठकीआधीच विसर्जित केली गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर नवी निवडणूक जाहीर होऊन यंत्रणा कामाला लागली होती, म्हणून जुनी विधानसभा परत आणली नाही. मतदान ठरल्याप्रमाणे झालं.